कोपऱ्यावरची रेस

आमची पिकअप अगदी ह्यांच्या वळणावर गेली आहे. वय झालं तरी हट्ट जात नाही, आणि काय दुखतंय ते तोंडाने सांगायचं नाही. दार खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, डावीकडची काच अर्ध्यावर येऊन रुसते. ह्यांच्या माघारी रोपवाटिका मी सांभाळते, त्यामुळे कुंड्या आणि मातीची पोती गिऱ्हाइकांकडे पोचवायला ही गाडीही मीच चालवते. लेक लांब असते. फोनवर म्हणते, आई, विकून टाक ते धूड. मी बरं म्हणते आणि जावयाची चौकशी करते.

विकत नाही त्याचं कारण लेकीला सांगण्यासारखं नाही. रोज सकाळी गाडी काढली की हे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हळू जायचे आणि तिथे, शिंप्याच्या दुकानापाशी, एकदा जोरात रेस करायचे. इंजिन असं ओरडायचं की शिंप्याची शिलाई वाकडी जायची. संध्याकाळी परत येतानाही तिथेच, तसंच. आमच्यात ‘येतो गं’, ‘आलो गं’ असलं बोलणं नव्हतं. लग्नापासूनच ह्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. पण तो आवाज माझ्यासाठी असतो, हे मी मनाशी धरून चालले होते. सकाळी तो ऐकला की कामाला लागायचे आणि संध्याकाळी ऐकला की जीव भांड्यात पडायचा. एकदाच विचारलं होतं, कोपऱ्यावर एवढा आवाज कशाला करता. जेवता जेवता, मान वर न करता म्हणाले, “गाडीला लागतं.” मी मनात हसले. लाजतोय माणूस, म्हटलं.

ते गेले त्याला वर्ष होऊन गेलं, तरी संध्याकाळ झाली की माझे कान कोपऱ्याकडे लागतात. हातात झारी असते, पाणी कुंडीतून ओसंडून पायावर येतं, तेव्हा कुठे मी भानावर येते.

तर ही गाडी अलीकडेच मी स्वतः चालवायला घेतली आणि तिने दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी चावी फिरवावी तर नुसतं टक टक. धक्का मारायला शेजाऱ्यांना बोलावून बोलावून मलाच लाज वाटायला लागली. नवी बॅटरी घातली. ती थोडे दिवस गुणाने वागली आणि मग तिनेही मान टाकली. शेवटी शेजाऱ्यांच्या धक्क्यावरच गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. तो ह्यांच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो, आणि चार माणसांचं एकटाच बोलतो. ह्यांचं आणि त्याचं कसं जमायचं देव जाणे. बहुतेक त्यामुळेच जमत असावं.

त्याने आधी बॅटरी त्याच्या मशिनवर भरून घेतली, मग तिच्या टोकांना मीटर लावला. बंद गाडीत साडेबारा व्होल्ट दाखवत होतं. मला गाडी सुरू करायला सांगितली. आता आकडा चौदाच्या आसपास जायला हवा, म्हणाला. आकडा बारावरच ठाण मांडून बसला. म्हणजे गाडी चालू असताना अल्टरनेटरने बॅटरी भरायची, ते काम होतच नव्हतं. त्याने पट्टा दाबून पाहिला, तो घट्ट होता. वायरी ओढून पाहिल्या, गंजलेली टोकं घासली, इंजिनाची अर्थिंग तपासली. मग अल्टरनेटरच खोलला आणि टेबलावर फिरवून पाहिला. तो ठणठणीत. त्याने डोकं खाजवलं आणि मी त्याला पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं.

अल्टरनेटर परत बसवत होता तेव्हा मीच थोडं ज्ञान पाजळलं. म्हटलं, समोरचा तो बॅटरीचा लाल दिवा तर कधीच लागत नाही, म्हणजे चार्जिंग नीटच असणार की.

त्याचे हात थांबले. “कधीच नाही? इंजिन सुरू करायच्या आधी, नुसती चावी फिरवल्यावर पण नाही?”

नाही, म्हटलं.

त्याने कपाळाला हात लावला. हे मी आधी बघायला हवं होतं, असं स्वतःलाच दोन-तीनदा ऐकवलं, मग डॅशबोर्ड खोलला आणि आतून नखाएवढा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला. काच आतून काळी पडली होती. मग त्याने मला समजावलं. अशा जुन्या गाडीत तो दिवा नुसता धोका दाखवायला नसतो. चावी फिरवली की त्याच्यातूनच थोडा करंट अल्टरनेटरकडे जातो आणि त्याला जागं करतो. बल्ब उडाला की त्याला उठवणारं कोणी उरत नाही. मग इंजिनाचा वेग एकदम वाढवला तरच तो आपला आपण उठतो. मी मागच्या कुंड्या फुटतील म्हणून गाडी कुरवाळत चालवते. त्यामुळे तो दिवसभर झोपून राहतो.

“बल्ब कैक वर्षांपूर्वी गेलेला दिसतोय. दादांना ठाऊक असणार. निघाल्यावर एकदा जोरात रेस करायचे ना ते?”

मला ह्यांचं ते जेवतानाचं उत्तर आठवलं. गाडीला लागतं. माणूस लाजत नव्हता, मी विचारलं त्याचं सरळ उत्तर देत होता. इतकी वर्षं मी एका उडालेल्या बल्बावर जीव लावून बसले होते. त्याच्या दुकानातल्या मोडक्या स्टुलावर मी बसले, तर त्याने घाईने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं मला ऊन लागलं. मी पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, लेकीचं खरं आहे, विकून टाकावं हे धूड. आणि मग ह्यांची इतकी आठवण आली, की भांडायला तरी ते समोर हवे होते असं वाटलं.

तो नवा बल्ब बसवू लागला. तोंड सुरूच होतं. आता रेस करायची गरज नाही, चावी फिरवलीत की काम झालं, असं काहीबाही सांगत होता. मी ऐकत नव्हते. मी सकाळ आठवत होते, आणि मग संध्याकाळ आठवली.

“भाऊ,” मी म्हटलं, “तो एकदा जागा झाला की परत परत जागं करावं लागतं का?”

“छे. गाडी बंद करेपर्यंत तो जागाच.”

“मग संध्याकाळी घरी येताना? अगदी कोपऱ्यावर आल्यावर?”

“येताना कशाला? शेवटच्या ठिकाणाहून निघतानाच रेस झालेली असणार. आणि कोपऱ्यावर आलं की दोन मिनिटांत गाडी बंदच करायची. तिथे गाडीला काही लागत नाही, वहिनी.”

मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. मग माझ्या डोळ्यांकडे पाहून त्याने मान खाली घातली आणि उगाच पुसलेली बॅटरी पुन्हा पुसायला लागला.

सकाळचा आवाज गाडीचा होता. तो तिला देऊन टाकला. संध्याकाळचा माझा होता, सगळाच्या सगळा, आणि बोलायला नको म्हणून ह्यांनी तो गाडीच्या नावावर खपवला होता. माझ्या ध्यानात यायला इतका काळ गेला आणि सांगायला आता घरात कोणी नाही.

चावी फिरवली तर लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. मीटरवर चौदाच्या वर आकडा आला. गाडी घेऊन मी निघाले, नेहमीसारखीच जपून. ऊन उतरलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर आले आणि शिंप्याच्या दुकानापाशी थांबून पाय अॅक्सिलेटरवर दाबला. इंजिन ओरडलं. समोर घराच्या खिडक्या बंद होत्या, आणि तरी एक क्षण वाटलं की आत झारी हातात घेऊन कोणीतरी मान वर केली असेल.

शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. मला आत पाहून त्याचा चेहरा उतरला. गाडी बिघडली का, असं त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “गाडीला लागतं.”