पाहिल्याशिवाय ठरत नाही

मसुदा एक

इलेक्ट्रॉन इथे आहे की तिथे, हे कुणी पाहिल्याशिवाय ठरत नाही.

"म्हणजे पाहिलं नाही तर दोन्हीकडे?" आईने विचारलं. डावं कोपर अंगापासून जरा लांब धरून ती उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती.

"साधारण तसंच."

"मजा आहे की त्याची."

क्वांटम भौतिकी चारचौघांना कळावी म्हणून मुलगी पुस्तक लिहीत होती. नियम तिनेच घातला होता: प्रत्येक परिच्छेद आधी आईला वाचून दाखवायचा. आईला कळला नाही तर काट, हुज्जत नाही.

हा परिच्छेद राहिला.

मसुदा दोन

(लिहून झाला नाही. मधेच दवाखान्यातून फोन: काखेतल्या गाठीच्या तपासणीला तुमच्या आई आल्याच नाहीत.)

"कसली गाठ, आई?"

"होती वाटाण्याएवढी."

"होती?"

आईने दोरा दाताने तोडला. "सुई घालून बघणार म्हणे. तूच लिहिलंयस ना, बघितल्याशिवाय ठरत नाही? मग कशाला उगाच ठरवायला लावायचं?"

मुलीला हसू आलं. आई हसत नव्हती.

मसुदा तीन

पाहणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं नव्हे. हवेच्या एका कणाची धडकही पुरते. इलेक्ट्रॉन एकटा असला तर काही काळ निसटतो. आपल्या आकाराच्या गोष्टींवर मात्र सतत धडका बसत असतात. कुणी पाहो न पाहो, त्यांचं केव्हाच ठरून गेलेलं असतं.

मुलगी वाचायची थांबली.

"नाही कळलं," आई म्हणाली.

"पुन्हा वाचते."

"कळलं नाही की काट. नियम तुझा आहे, बाई."

मुलीने पुन्हा वाचलं, शब्द न बदलता. मग आणखी एकदा. दोरा सुईतून निसटला. आई ओवायला गेली. टोक नेढ्याच्या या बाजूने गेलं, त्या बाजूने गेलं, आत जाईना.

"किती वाचशील गं," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यांदाच कळलं होतं."

मुलीने कागद उलटा ठेवला. काट मारायला पेन्सिल कुठेच लावली नव्हती.

"चल. दवाखाना उघडा आहे अजून."

"एवढं बटण लावते नि उठते."

मुलीने अभ्र्याकडे पाहिलं. बटण केव्हाच लागलेलं होतं.