तेल आहे, प्रेशर नाही

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. कुणी तोंडावर म्हातारा म्हटलेलं मला खपत नाही, पण मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तुम्हाला माफ. सध्या मी एका गॅरेजच्या मागच्या आवारात, एका पांढऱ्या व्हॅनच्या पोटात बसून आहे. व्हॅनचं बोनेट उघडंच आहे. ते लावायची आता कुणाला गरज वाटत नाही.

तापून पाणी झालेलं लोखंड साच्यात ओतलं, तेव्हा माझा सांगाडा तयार झाला. मग मला तासलं, घासलं आणि माझ्यात एक पंप बसवला. माझ्या तळाशी एक पसरट भांडं आहे, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. त्यातलं ऑइल हा पंप एका जाळीतून ओढतो आणि जोर लावून माझ्या सांध्यासांध्यात पोहोचवतो. त्या जोराचं नाव प्रेशर. नुसतं पोटात ऑइल असून काय उपयोग? ताटात जेवण वाढलेलं असलं आणि तोंडच उघडत नसलं, तर माणूस उपाशीच राहणार ना!

मी आयुष्यभर एका लाँड्रीत धुतलेल्या, इस्पितळाच्या चादरी वाहिल्या. लाँड्री ताईची. गाडी चालवायचा तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे मामा म्हणत, ताई मात्र बाळ्या म्हणायची. या बाळ्याचे केस पिकले होते, तरी बाळ्याच! त्याचं चपलांचं दुकान बुडालं, तेव्हा ताईने त्याला या गाडीवर बसवलं. बायको नाही, मुलं नाहीत. त्याच्याकडे ही गाडी होती आणि गाडीत मी होतो. इस्पितळाजवळच्या चढावर नव्याकोऱ्या गाड्या धापा टाकायच्या. मी भरल्या गाडीनिशी वर जायचो. मग मामा डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "शाबास रे वाघा!" खरं सांगतो, अशा वेळी मी फार माजात असायचो.

वय झालं तसं माझं चेंबर थोडं पाझरू लागलं. दिवसाकाठी थेंब-दोन थेंब. जुन्या इंजिनाला एवढं चालायचंच. पण गाडी उभी राहायची लाँड्रीच्या आत, जिथे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे ढकलगाड्यांवर लावत. एका ढकलगाडीचं चाक माझ्या थेंबावरून गेलं, आणि एक चादर खाली लोंबत होती, तिच्यावर काळा पट्टा उठला. इस्पितळाने अख्खा गठ्ठा परत पाठवला.

ताई भडकली. "बाळ्या, पुन्हा एक थेंब जरी दिसला ना, तर तुझी गाडी रस्त्यावर आणि तिच्या मागे तू!"

ताई रागाच्या भरात बोलली. तिचं बोलणं तसंच, फटकळ. पण मामाने ते मनाला लावून घेतलं.

मिस्त्रीकडे गेला असता तर काम नीट झालं असतं. पण गाडी गॅरेजात गेली की ताईला कळणार आणि पुन्हा बोलणी बसणार. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच गाडीखाली शिरला. चेंबर उतरवलं, पुसून लख्ख केलं आणि कडेने लाल पेस्ट लावली. बारीक रेघ पुरली असती. गड्याने भिंतीला गिलावा करावा तशी थापली! बोल्ट आवळले, बाहेर आलेली पेस्ट फडक्याने हळुवार टिपली. आत आली होती ती मात्र माझ्या पोटात लोंबत राहिली. अति तिथे माती म्हणतात, ते हेच.

थेंब बंद झाले. ताई म्हणाली, "जमलं रे तुला!" मामा दिवसभर शीळ घालत होता.

पुढे ती पेस्ट वाळून सुटू लागली. तुकडे ऑइलमध्ये तरंगत जाळीपाशी आले आणि जाळीला चिकटून बसले. पंप ओढायचा, पण येणार कुठून? मी गरम झालो आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा. मामाने ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल पुरेपूर. "दिव्यालाच वेड लागलंय," तो म्हणाला.

मिस्त्रीने माझ्या अंगावरचा, दिव्याला इशारा देणारा स्विच बदलला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! दिवा पुन्हा लागला. मग त्याने जाड ऑइल भरलं. दिवा गप्प झाला, पण माझी तहान कुठे भागली होती? खालून टकटक आवाज येऊ लागला. मिस्त्रीने कान दिला आणि तो गंभीर झाला.

"मामा, आता चेंबर उतरवून बघू या."

"नको नको! परत गळायला लागलं तर ताई मला दारात उभं करणार नाही."

"अहो, पण आतून वाजतंय."

"म्हातारा आहे, खोकतो जरा. चालू दे."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला टकटक सोडून दुसरी भाषा येत नाही.

शेवटी त्या इस्पितळाच्या चढावरच दिवा लागला तो विझेना. माझा आवाज रस्त्यावरच्या लोकांना ऐकू गेला. मामाने गाडी थांबवली. मला दोराने ओढत गॅरेजात आणलं, आणि ताईही रिक्षा करून धावत आली.

मिस्त्रीने स्विच काढून त्या जागी हातातलं प्रेशर मीटर जोडलं. हे त्याने आधीच करायला हवं होतं. मला सुरू केलं. थंड होतो तोवर काटा जेमतेम वर आला. गरम होत गेलो तसा खाली खाली येत तळाशी निजला. मला बंद करून त्याने चेंबर उतरवलं. जाळी लाल तुकड्यांनी लिंपून गेली होती.

"ही पेस्ट कुणी थापली?" मिस्त्रीने विचारलं.

मामा हातातलं फडकं पिळत राहिला. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"माझ्या बोलण्याला घाबरून केलंस ना?" ती म्हणाली. "अरे, मी बोलते आणि विसरते. तू कशाला एवढं धरून बसलास?"

मामा खाली बसून जाळीवरचे लाल तुकडे नखाने काढू लागला.

मिस्त्रीने जाळी साफ केली, पंप तपासला, पुन्हा सगळं बसवून मला सुरू केलं. काटा झरकन वर चढला! मामा लहान मुलासारखा हसला. मलाही वाटलं, वाचलो. पण मी तापलो, आणि काटा पुन्हा घसरला. मिस्त्रीने आतली बेअरिंग उघडून पाहिली. ऑइलवाचून ती झिजून गेली होती, आणि ज्या दांड्यावर ती बसतात त्या क्रँकवर खोल चरे पडले होते. आधीच्या दुरुस्त्यांत क्रँक घासून घासून इतका बारीक झालेला, की आता आणखी घासता येणार नव्हता. नवा आता कुठे बनत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

"याच्यात आता काही राहिलं नाही," मिस्त्री म्हणाला.

ताईने डोळे पुसले. मग खाली बघत म्हणाली, "बाळ्या, चादरी तर थांबत नाहीत रे. उद्यापासून भाड्याची गाडी येतेय. तिचा ड्रायव्हर तिच्याबरोबरच येतो. तू आत बस, कपड्यांवर खुणा घाल."

"बघू," मामा म्हणाला. त्याला जवळचं बारीक दिसत नाही, हे ताईलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मामा एकटाच आला. त्याने माझं चेंबर बसवलं. या वेळी सांध्यात बसणारी नवी पट्टी, म्हणजे गॅस्केट, पेस्टची अगदी बारीक रेघ, बोल्ट क्रमाने आवळलेले. मग नवं, सोनेरी ऑइल ओतलं.

मिस्त्री म्हणाला, "मामा, परवा याला भंगारवाला नेणार आहे हो."

"माहीत आहे."

झाकण लावून त्याने हात पुसले आणि तो बसथांब्याकडे चालत गेला. माझ्यात इतकं स्वच्छ ऑइल कधीच नव्हतं. त्याने मला सुरू करून पाहिलं नाही.

मित्रांनो, लाल दिवा लागला तर गाडी थांबवा, दिव्याशी वाद घालू नका. एवढं तुम्ही मोठे झाल्यावर कराल. दुसरं मागणं आजच ऐका. तुमच्या घरात कुणाच्या हातून काही सांडलं, गळलं, बिघडलं, तर त्याच्यावर इतकं ओरडू नका की पुढच्या वेळी तो ते लपवून ठेवील. मामा वाईट माणूस नव्हता हो. तो फक्त घाबरला होता.