चार नॅनोमीटर

कसबा पेठेतल्या तात्याराव तांबटांचे कान चाळीस वर्षं तांब्याची भांडी ठोकून कामातून गेले होते. त्याचं त्यांना दुःख नव्हतं; लोकांच्या बोलण्यात ऐकण्यासारखं असतंच काय? बायकोशी, सुंदराबाईंशी, ते हातवाऱ्यांनी बोलत. हातोडीच्या ठणठणाटात संसार करता करता दोघांची अशी भाषा बसली होती की भांडणाचासुद्धा शेजाऱ्यांना पत्ता लागत नसे.

असंच एक भांडण मार्चमध्ये झालं. "जा लेकीकडे, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही," असं तात्यारावांनी बोटांनी ठणकावलं, आणि बाई खरंच वाघोलीला सोनालीकडे जाऊन बसल्या. तीन महिने झाले, इकडे सगळंच अडलं होतं. शेवटी रविवारी नाक मुठीत धरून तात्यारावांनी व्हिडिओ कॉल लावला आणि हातानंच विचारलं, "कधी येतेस?" तिनं हात वर केला, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या जुनाट फोनवर चित्र गोठलं. आता तो हात हो म्हणत होता की नाही? पुन्हा विचारायची लाज वाटली. लेकीला विचारायची त्याहून जास्त.

म्हणून गुरुवारी ते तपकीर गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात उभे होते. "ऐकू येत नाही, लिहून सांगा. आणि थोडक्यात," त्यांनी विक्रेत्या राकेशला आधीच बजावलं.

राकेशनं पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, "या फोनची चिप सहा नॅनोमीटरची, त्याची चारची. आकडा जितका लहान, तितका फोन भारी."

"आमच्यात पत्रा जाड असला तर जास्त पैसे पडतात. तुम्ही बारीक करून जास्त घेता. चांगला धंदा आहे."

राकेशनं मग कोअर, गिगाहर्ट्झ, गेमिंगचा स्कोअर असं पानभर लिहिलं. तात्यारावांनी त्या पानाची घडी करून ती त्याच्याच खिशात ठेवली. "माझं सिमकार्ड घाला आणि सोनालीला कॉल लावा. आधी यावर, मग त्यावर."

सहा नॅनोमीटरवर सुंदराबाईंची बोटं एकमेकांत कालवली गेली. चारवर एकेक बोट सुटं दिसलं, करंगळीला चिकटलेल्या कणकेसकट.

"चुकलं" याची खूण त्यांच्या भाषेत नव्हतीच. तशी कधी वेळ आली नव्हती. सगळी गिऱ्हाइकं बघत असताना त्यांनी आपले ते निकामी कान पकडले.

सुंदराबाईंची बोटं चालायला लागली. "रविवारीच म्हटलं, न्यायला या. चार दिवस पिशवी भरून बसलेय. बहिरे होतात ते ठाऊक होतं, आंधळे कधी झालात?"

तात्यारावांनी उपरण्यानं डोळे पुसले. राकेशनं संधी साधून चार नॅनोमीटरचा खोका पुढे सरकवला.

"आता कशाला? ती घरीच येतेय," तात्याराव म्हणाले, आणि आपलं सिमकार्ड काढून घेऊन वाघोलीची बस बघायला निघाले.