पाडलेला पूल

तिने वायर काढली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर डावीकडे तिच्या संगणकातल्या फायली ओळीने उभ्या होत्या. उजवीकडे मागच्या खोलीतल्या, सासऱ्यांच्या संगणकातल्या फायली यायला हव्या होत्या, तिथे नुसतं चक्र फिरत होतं. ही वायर दाराच्या फटीतून, कपाटामागून वळणं घेत मागच्या खोलीत जायची आणि वाटेत जरा कुठे दबली की रुसून बसायची.

"बाबा, तुमचं मशीन चालू आहे ना?" ती बसल्या जागेवरून ओरडली.

"चालू आहे गं. बंद करू का?"

"नको! हात लावू नका कशाला."

आपला आवाज चढला हे तिला कळलं, पण सकाळपासून तो खाली यायलाच तयार नव्हता. प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता. नाल्यावरचा पादचारी पूल पाडून कित्येक महिने झाले, तरी तिच्या शहर-नकाशात तो अजून दिमाखात उभा होता. "मॅडम, लोक नकाशा घेऊन जातात आणि नाल्यात बघत उभे राहतात," प्रकाशक म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत दुरुस्त नकाशा हातात पडला नाही तर पुढच्या आवृत्तीचं काम दुसरीकडे जाणार होतं. आणि हे काम गेलं तर घरात बसून काढायला तिच्याकडे दुसरा नकाशा नव्हता.

कामाची वाटणी साधी होती. सासरे निवृत्त मोजणीदार. नोकरी सुटली तरी पायपीट सुटली नव्हती. रोज सकाळी नकाशाचं एक पान घडी करून खिशात घालायचे, त्या भागात भटकून यायचे आणि कुठला रस्ता बंद, कुठे नवा जिना, कुठलं फाटक हललं ते आपल्या संगणकात चढवायचे. दुरुस्त्यांच्या या फायलींना ती बोटही लावायची नाही. शनिवारी दोन्ही संगणक जोडायचे, 'नवी ठेव, जुनी काढ' या चौकटीत खूण करायची आणि चहा टाकायला उठायचं. येईपर्यंत दोन्हीकडे सगळं सारखं.

सारखं व्हायचं खरं, पण दुरुस्त्या मात्र नसायच्या. "बाबा, पूल राहिला," ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहिला का? करतो." पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात फाटकही राहिलं. समजावून झालं, चिठ्ठी डकवून झाली; पालथ्या घड्यावर पाणी. ते वाद घालत नसत, हीच तिला जास्त काळजी होती. "विसरलो असेन," एवढंच म्हणायचे. शेवटी ती आणि तिचा नवरा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते त्यांनी न अडखळता केले. तरी डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात अशीच असते, सोमवारी मेंदूची तपासणी करून घेऊ.

आज ती ठरवूनच बसली होती. त्यांची बाजू रिकामी निघाली की सरळ सांगायचं, बाबा, आता पुरे, आराम करा. हे वाक्य तिने आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा ते तिला वाईट वाटलं होतं. पण आज त्या चौकटीत आंधळेपणाने खूण करायची नाही, आधी एकेक फाइल समोरासमोर ठेवून बघायची, एवढं तिने पक्कं केलं. निदान सांगताना पुरावा तरी हातात हवा.

चक्र थांबलं. उजवीकडची यादी आली ती लालेलाल. दुरुस्त्यांची एकही फाइल तिच्या बाजूशी जुळत नव्हती.

"आता हे काय नवीन?" ती पुटपुटली. केलंच नसेल तर वेगळं कसं असेल? काहीतरी बिघडवून ठेवलं असणार. वैतागून तिने नाल्याकडचं पान उघडलं. डावीकडे, तिच्या बाजूला, पूल उभा होता. उजवीकडे तो नव्हता. पुलाच्या जागी बारीक तुटक रेघ होती आणि शेजारी नेटकं लिहिलं होतं, 'पूल पाडला. रस्ता शाळेमागून.' तिने पुढचं पान उघडलं. फाटक होतं. जिना होता. तिने कधी सांगितलाही नव्हता असा एक बोळ बंद केलेला होता.

आणि तरीही संगणक खाली लिहून दाखवत होता, 'उजवीकडची फाइल जुनी आहे. काढू का?'

तिने त्या फाइलवरची तारीख पाहिली. तेव्हा तर ती या घरात सून म्हणूनसुद्धा आली नव्हती.

ती उठली ती थेट मागच्या खोलीत गेली. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, कशाला हात लावायचा नाही म्हणून. त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात तीच पुरातन तारीख होती.

"बाबा, तुम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करता?"

"मग? रात्रभर कशाला जाळायचं?"

"आणि ही तारीख?"

"ती रोज सकाळी चुकीचीच असते. मी कशाला बघू? मनगटावर घड्याळ आहे की."

तिने कपाळावर हात मारून घेतला. इथेच घोडं पेंड खात होतं. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि भराभर सांगू लागली. आतली छोटी बॅटरी संपली आहे. वीज तोडली की मशीन तारीख विसरतं आणि रोज सकाळी त्याच जुन्या दिवशी जागं होतं. म्हणून तुमची आजची फाइलसुद्धा त्याला जुनी वाटते. दर शनिवारी तुमचं काम पुसलं जायचं आणि त्याच्यावर माझ्याकडचं जुनं बसायचं.

"आणि खूण मी करायचे, बाबा! मी स्वतः! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी." तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. "तुम्ही काही विसरला नव्हता. एकदाही नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच ठेवला.

"म्हणजे तू पुसत नव्हतीस?"

"मी? मी कशाला पुसेन?"

"सोमवारी बघायचो तर केलेलं सगळं गेलेलं. आणि तू म्हणायचीस, राहिलं." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "मला वाटलं, माझी आखणी तुला पसंत नाही. सासऱ्याला तोंडावर कसं सांगणार, म्हणून असं म्हणतेस. मग दर वेळी वेगळं करून पाहिलं. आधी पुलावर फुली मारली. मग रंग फिका केला."

तिने स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "मग डॉक्टरांकडे का आलात? तिथे तरी बोलायचं."

"काय बोलायचं? विसरतो म्हटलं की तुझ्यावर काही येत नव्हतं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, नाल्याकडचं पान मोठं केलं आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली, तिला पडदा नीट दिसावा म्हणून.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "ही तुटक रेघ बरी दिसते का?"