एका दोराची विहीर

सकाळचे आठ वाजले होते. १९५७ सालचा मे महिना. पहिली काठी दिवाल्याच्या उजव्या मनगटावर बसली आणि हातातला दोर सुटला. भरलेली घागर खाली विहिरीत जाऊन फुटली. दुसरी काठी त्याच्या डोक्यासाठी उचललेली होती. तो वाकला, म्हणून ती माझ्यावर आली.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. गावोगावची माणसं मला दुर्बीण म्हणतात आणि मी ते कधी मनावर घेतलं नाही. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. पितळेची नळी, लोखंडी पाय, खाली छोटा गोल आरसा. डोळा एकच. काल तुम्ही शाळेच्या ओसरीत रांग लावून त्या डोळ्याला डोळा लावलात, तेव्हा तुम्हाला मधोमध एक आडवी रेघ दिसली असेल. ती पाण्यातली नव्हे. ती त्या दुसऱ्या काठीची आहे.

डॉक्टर निर्मलाबाईंकडे मी १९५५ मध्ये आलो. त्या नंदुरबारकडच्या कोरीट गावच्या, शेतकरी घरातल्या. मुंबईत डॉक्टरकी शिकल्या, पण दवाखाना थाटला नाही. त्यांनी नारूचा पिच्छा धरला. नारू म्हणजे हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत. तो माणसाच्या पायात वाढतो आणि एक दिवस कातडी फोडून तोंड बाहेर काढतो. त्याला ओढून चालत नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यावा लागतो. मध्येच तुटला तर उरलेला आत कुजतो आणि पाय सडवतो. भर उन्हाळ्यात, कामाच्या दिवसांत, अर्धं गाव असं काडी बांधून खाटेवर पडलेलं मी पाहिलं आहे.

हा जंत कुठून येतो ते मी बाईंना दाखवलं. तापीकाठच्या एका गावात पायविहीर होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. तिच्या पाण्याचा थेंब माझ्याखाली ठेवला, की त्यात एक बारीक किडा उड्या मारताना दिसे. त्यालाही माझ्यासारखा एकच डोळा. आग होणारा पाय घेऊन माणूस पायऱ्या उतरे आणि गार पाण्यात उभा राही. नारू त्या पाण्यात आपली पिल्लं सोडी, किडा ती गिळी आणि तो किडा पुन्हा माणसाच्या घागरीतून पोटात जाई. आज प्यालेलं पाणी वर्षानं पायातून बाहेर येई.

उपाय सरळ होता. पायऱ्या फोडायच्या, कठडा बांधायचा, वर रहाट बसवायचा. पाय पाण्यात गेलाच नाही तर नारू कसा होईल? गावाचे पाटील हिंमतराव यांच्या घरात तेव्हा चार माणसं काडी बांधून पडली होती. ते लगेच कबूल झाले. १९५६ च्या पावसाळ्यानंतर घण पडू लागले. दगड फुटताना बाई काठावर उभ्या होत्या. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्या विहिरीला दोन बाजूंनी पायऱ्या होत्या. पूर्वेच्या गावच्या, पश्चिमेच्या भिलाटीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीच्या. पाणी एकच, पण पाटलांच्या घागरीला सालदार गड्याची घागर लागत नसे. कठडा झाला, रहाट आला, आणि रहाटाला दोर एकच.

उन्हाळा चढला तसं ते दिसू लागलं. भिलाटीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कठड्यापासून लांब बसत. गावातली कुणी बाई दया आली तर वरून धार सोडी. मे महिन्यात पाणी खोल गेलं आणि दयाही आटली.

बाई पाहणीसाठी पुन्हा येऊन आठवडा झाला, त्या दिवशी त्यांनी पाटलांना विचारलं, "आबा, त्या बाया कवयपाईन बठेल शेतस. तेस्ले ओढू द्या ना पानी."

हिंमतराव तंबाखू मळत होते. "दोर आमना शे, बाई."

"आन पायऱ्या?"

"त्या तुम्हीच फोड्यात ना?"

बाई माझ्याकडे परतल्या. मी कठड्याला लागून असलेल्या कडुनिंबाखाली टेबलावर होतो. टेबलाशेजारी भिलाटीतला दिवाल्या, पाटलांचा सालदार, पाय पसरून बसला होता. त्याच्या घोट्यावर नारू निघाला होता, आदल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याचा. बाई रोज स्वतः त्याची काडी फिरवत. निम्मा जंत बाहेर आला होता.

"हाई जनावर आधी सरस का मी, दखूत," तो हसून म्हणे. आधी कोण संपतं, जंत की तो, अशी ती शर्यत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हसत नव्हता. बायको फुलवंताबाई रिकामी घागर घेऊन दोन दिवस परतली होती. बाईंनी माझ्याखाली थेंब ठेवला तेवढ्यात दिवाल्या उठला, लंगडत कठड्याशी गेला आणि त्यानं दोराला हात घातला.

"बाई," तो मागे न बघता म्हणाला, "पायऱ्या व्हत्यात तवय मी मन्ही बाजूनी उतरू. आते कठून उतरू?"

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं. मी टेबलावरून पडलो आणि आडवा होऊन पाहत राहिलो. पाच-सहा जण होते. मनगट मोडल्याचा आवाज आधीच झाला होता. दिवाल्या खाली पडला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर, बरगड्यांवर काठ्या घातल्या. फुलवंताबाई त्याच्या पायावर आडवी झाली. तिला केसांना धरून ओढलं. बाई मध्ये घुसल्या, तर कुणीतरी त्यांना कठड्यावर ढकललं आणि त्यांचं कपाळ फुटलं. मग एक लाथ दिवाल्याच्या घोट्यावर बसली. काडी उडून माझ्याशेजारी पडली. तिला गुंडाळलेला जंत होता, अर्धाच.

हिंमतराव ओट्यावरून उठले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही नारू काढाले येल शेतस, गाव मोडाले नई."

दुपारपर्यंत भिलाटी जळली. बाईंच्या जीपचा ड्रायव्हर भिकन यानं दिवाल्याला मागच्या बाकावर निजवलं आणि नंदुरबारला नेलं. आठवड्यानं त्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

बाईंच्या पाहणीत प्रत्येक दारावर चुन्यानं आकडा घातलेला असे. निघताना फुलवंताबाई बाईंना म्हणाली, "मोजाले येशात तवय आमना आकडा धुंडू नका. दारच नई." मग ती मंडळी नवापूरच्या वाटेनं गुजरातकडे गेली.

पुढच्या मे महिन्यात बाई मोजायला आल्या. चुन्याचे आकडे असलेल्या एकाही घरात नारू नव्हता. एकाही नाही. मित्रांनो, हे खरं होतं. मी पाणी पाहिलं, पाण्यात किडा नव्हता. ज्यांना दोराला हात लावता आला, ते सगळे बरे होते.

बाईंनी लेख लिहिला. शेवटी एक परिच्छेद होता: भिलाटी, दोर, काठ्या आणि न मोजलेली घरं. पुण्याच्या वरिष्ठांचं उत्तर आलं, ते त्यांनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं. काम उत्तम आहे, असं त्यात होतं. शेवटचा परिच्छेद पोलिसांचा विषय आहे, आपला नव्हे. तो राहिला तर लेख छापला जाणार नाही, आणि लेख छापला नाही तर इतर गावांत नारू तसाच राहील. बाईंनी लेख पुढ्यात ओढला. मग त्यांनी तो परिच्छेद काढला.

लेख छापून आला आणि वाऱ्यासारखा पसरला. मद्रासहून, राजस्थानातून, आफ्रिकेतून कार्डं येऊ लागली: लेखाची एक प्रत पाठवा. जो तो नारूवर लिहिताना तळाशी आधार म्हणून बाईंचं नाव घाली. त्या लेखाच्या आधारावर कुठे कुठे विहिरी बंद झाल्या आणि हजारो पाय वाचले. तेही खरं आहे.

भिकन म्हणे, "बाई, तुम्हनं नाव विमानमा फिरी ऱ्हायनं, आन आपली जीप आजून धक्का मारीसनच चालस." बाई हसत नसत.

१९६२ मध्ये त्यांनी तो काढलेला परिच्छेद पुरवणी टीप म्हणून त्याच नियतकालिकाला धाडला. या वेळी तो छापला गेला, शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या वर. त्यांनी लिहिलं होतं, पायऱ्या फोडण्याआधी दोर कुणाचा ते ठरवा; नाहीतर दोन रहाट बसवा. त्या टिपेची प्रत मागणारं कार्ड आलं नाही. कुणाच्या लेखाच्या तळाशी ती दिसली नाही. दरवर्षी बाई नवी नियतकालिकं उघडून शेवटची पानं बघत. पहिला लेख असे, टीप नसे. दिवाल्याची खबर मात्र एकदा आली. नवापूरच्या स्टेशनवर कुबडी घेतलेला एक माणूस भिकनला दिसला होता. जवळ जाईपर्यंत गाडी सुटली.

आता १९६७ चा जून. तळोद्याजवळ तुमच्या या गावची पायविहीर, तशीच दोन बाजूंनी पायऱ्यांची, पायऱ्या फोडून बंद करायचा हुकूम आला आहे. हुकुमात आधार म्हणून बाईंचाच लेख दिला आहे. परवा बाई सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी दोन रहाट, मग घण. हुकूम घेऊन आलेल्या साहेबांनी लेख उघडून वाचून दाखवला.

"बाई, एका रहाटानं नारू शून्यावर आला, हे तुम्हीच लिहिलंय. याच्यावर आता कोण वरचढ?"

"मीच. माझी टीप वाचा."

"ती कुणी वाचलेली दिसत नाही," साहेब म्हणाले आणि माणसं हसली.

मित्रांनो, मला मऊ फडक्यानं पुसा, उन्हात ठेवू नका. पण माझ्यातून बघून झालं की डोळा उचला आणि विहिरीभोवती कोण किती लांब बसलं आहे तेही बघा. माझ्याखाली फक्त थेंब मावतो.

बाईंनी मला काल तुमच्या ओसरीत ठेवलं आणि त्या विहिरीकडे गेल्या. त्यानंतरचं मला भिकनकडूनच कळलं. आज दुपारी तो ओसरीत पाणी प्यायला आला होता. पूर्वेच्या पायऱ्या फुटल्या आहेत. पश्चिमेच्या खालच्या तीन उरल्या आहेत आणि त्यांतल्या वरच्या पायरीवर बाई बसल्या आहेत. घणवाले थांबले आहेत. काठावर दोन्ही बाजूंना माणसं जमली आहेत आणि दोन्हीकडे काठ्या आहेत. काठाशी रहाट आणून ठेवला आहे. एकच.