धीर देण्याचं इंग्रजी

चमच्याच्या कडेला पेजेचा पापुद्रा वाळून बसला होता आणि रूपा तो नखानं खरवडत होती, आजच्या दिवसात तेवढंच काम उरल्यासारखी… पलंगावर बाबा डोळे मिटून. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली त्याला आठ महिने झाले. उशाशी मोबाइल, आणि त्यात पुण्याहून भावाचा, रवीचा, सकाळचा निरोप — हँग इन देअर, ताई.

म्हणजे धीर सोडू नकोस, टिकून राहा. हे तिला कोणी सांगायला नको होतं. वाशीमच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवताना तिनं हा वाक्प्रचार कितीदा फळ्यावर लिहिला — खाली अर्थ, त्याखाली उपयोग : अडचणीतल्या माणसाला धीर देताना. पण तो कोणी द्यायचा, कुठं उभं राहून द्यायचा… हे फळ्यावर कधी आलंच नाही. रवीचा तिला सपाटून राग आला. काल शेजारच्या कस्तुराबाई आल्या, त्यांनी धीरबिर काही दिला नाही. पदर खोचला, ओली गोधडी उचलली आणि म्हणाल्या,

"सरक. मी बसतो बाबाजवळ, तू दोन घास खाऊन घे."

शाळेतून घेतलेली तिची रजा संपायला चार दिवस होते. रवीला 'ये' म्हणायचं, की नेहमीसारखा अंगठा पाठवून मोकळं व्हायचं? आठ महिने अंगठाच गेला होता. थोरल्या बहिणीनं मागायचं नसतं, म्हणून — आणि एकदम तिला मंजुषा आठवली. गेल्या वर्षी नवरा अकोल्याला दवाखान्यात, आणि सुजल्या डोळ्यांनी शिक्षकखोलीत वह्या तपासणारी मंजुषा. तिच्या खांद्यावर हात ठेवून रूपानं हेच, अगदी हेच म्हटलं होतं. वर उच्चार झकास जमला म्हणून मनातून सुखावली होती. "हो मॅडम," मंजुषा म्हणाली होती. मग घंटा झाली आणि रूपा तासाला निघून गेली… आपण तिला काहीतरी दिलं, असं तिला खरोखर वाटलं होतं. रवीलाही आज तसंच वाटलं असेल.

बाबांनी डोळे उघडले. शब्द जड पडत होते.

"रवी… येऊन राह्यला का?"

"म्या त्याले ये म्हटलंच नाही, बाबा."

बोलून गेल्यावर ते वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं मोबाइल हातात घेतला. राग होताच; फक्त तो नेमका कोणावर, हे कोणी विचारलं असतं तर आता तिला सांगता आलं नसतं.