खांद्यावरचा पक्षी

माझा मुलगा महादेव वारला तो आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या एका लहानशा बेटावर. तिथल्या इस्पितळात तो भूलतज्ज्ञ होता. त्याच्या पत्नीने, ब्रीशाने, त्याला चर्चच्या आवारात पुरले आणि मला फोनवर तसे कळविले. मी बरे म्हटले. इकडे गावी, काकतीला, माझे धाकटे दीर मष्णू भावोजी यांनी दहाव्याला पिंड ठेवला. कावळा दुपारपर्यंत कुंपणावर बसून राहिला. खाली उतरला नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. त्या दिवशीही मला रडू आले नाही.

आमच्या घराण्यात गेलेल्या कर्त्या पुरुषाचा चांदीचा टाक करतात. बोटभर पत्रा, त्यावर उठविलेला तलवारधारी पुरुष. तो देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या रांगेत बसतो आणि घराचे नमस्कार घेतो. टाक बसविण्याचा मान घरातल्या पुरुषाचा; माझे यजमान गेल्यापासून तो भावोजींचा. महादेवाचा टाक वर्षश्राद्धाला बसावा असे मी ठरविले. भावोजींनी मान डोलावली नाही. मातीत ठेवलेला आणि दर्भाच्या कावळ्यावर निभावलेला जीव अजून भटकतो आहे, तो देवांत बसायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. या घरात माझा शब्द आजवर कोणी खाली पडू दिलेला नाही. परंतु ज्या मुलाचा देह आला नाही त्याला घरात दुसरी जागा नव्हती, आणि ती जागा देणे माझ्या हाती नव्हते.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात ब्रीशा आली. सोबत तिने एक मोठे छायाचित्र आणले होते. महादेव ज्या दगडापुढे दर रविवारी थांबत असे, तो तिच्या चर्चमधला हजार वर्षांपूर्वीचा, मोडका क्रूस. माझे शिक्षण कॉन्व्हेंटात झालेले, तेव्हा तिचे इंग्रजी मला समजत होते, भावोजींना नव्हते. ती म्हणाली, उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या लोकांनी ख्रिस्ताचा धर्म घेतला, पण जुने दैवत सोडवेना; मग एकाच दगडावर दोन्ही कोरली. एका अंगाला हाती क्रूस आणि पुस्तक घेतलेला पुरुष, शेजारी मासा. दुसऱ्या अंगाला त्यांचा जुना मोठा देव: हाती भाला, खांद्यावर त्याचा निरोप्या डोमकावळा, आणि एक पाय लांडग्याच्या जबड्यात.

"लांडगा त्याला गिळतो आहे, आई. हा त्या देवाचा शेवट आहे."

बाजारभाव ऐकावेत तसे मी ते ऐकले, आणि महादेवाला पुरले त्या चर्चमधला हा दगड, एवढेच भावोजींना सांगितले.

भावोजींनी छायाचित्र उजेडात नेले आणि पुष्कळ वेळ न्याहाळले.

"वैनी, ह्येच्या खांद्यावर कावळा हाय न्हवं?"

"दिसतो आहे."

"म्हंजे त्यांच्यातबी कावळा शिवावा लागतोय. हितं तर खांद्यावरच येऊन बसलाय की. त्या दगडाम्होरं पुरलंय म्हणताय, मग आपलं म्हादू तितंच सुटलं, आणि आपण हितं कावळ्याला हाका मारत बसलो." मग त्यांनी लांडग्यावर बोट ठेवले. "ह्ये कुत्रं मात्र लई माजल्यालं दिसतंय."

ते काय म्हणाले, असे ब्रीशाने विचारले.

"तुझा दगड त्यांना पसंत पडला," मी इंग्रजीत सांगितले. भावोजींना त्या देवाच्या शेवटाचे काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शहापूरला यल्लाप्पा पत्तार सोनारांच्या दुकानी गेले. नेहमीचा तलवारधारी पुरुष उठवून घेतला आणि त्याच्या खांद्यावर हट्टाने कावळा काढविला. आमच्या देव्हाऱ्यात असा टाक पूर्वी कधी नव्हता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्यांनी टाकाला दुधाने न्हाऊ घातले, पुसले आणि बसविले. ब्रीशा वाकून पाहू लागली. पक्षी दिसताच तिने तोंडावर हात ठेवला. आम्ही तिच्या बेटावरचा तो जुना देव आपल्या देवांत घेतला, असे ती मला रडत रडत म्हणाली. महादेवाला याहून अधिक काही नको असते, असेही म्हणाली.

"रडू नगंस गं पोरी," भावोजी म्हणाले. "बसला बघ. आता कुठं जात न्हाय त्यो."

मी दोघांकडे पाहिले. दोघांचीही समजूत मोडण्याइतके शब्द माझ्याजवळ होते. मी नैवेद्य आणायला सांगितले. महादेव चांदीचा, बोटाएवढा, आपल्या वडील-आजोबांच्या शेजारी बसला होता. कोणत्याही टाकाला जोडावेत तसे मी हात जोडले.

मग पाने मांडली. ब्रीशाला मी माझ्या शेजारी बसविले. वरणात मीठच नाही, असे भावोजींनी हाक मारून सांगितले. मी खाली पाहिले, तेव्हा माझ्या पानावरचे ते अळणी वरण मी संपविलेले होते.